सही नसलेली चिठ्ठी

"हा ट्रे कुणी भरला?" साहेबांनी विचारलं तेव्हा माझं तोंड उघडलं होतं. ही गोष्ट मी स्वतःला पुढचे नऊ दिवस सांगत राहिले, कारण माझ्या बाजूनं बोलेल असा तेवढाच एक पुरावा माझ्याकडे होता. तोंड उघडलं होतं, छातीत श्वास भरला होता, आणि टेबलाच्या पलीकडून आक्का, जरा पाणी देता का म्हणावं तशा आवाजात म्हणाल्या, "मी." साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातल्या कोऱ्या चिठ्ठीकडे. "एकोणतीस वर्षांनंतर, आक्का?" "डोळे गेले हो आता," आक्का म्हणाल्या, "चुकलं." साहेब वळले. दार त्यांच्यामागे आपोआप बंद झालं, त्याला तशी स्प्रिंगच आहे, आणि माझं तोंड, तेही आपोआपच, मिटलं.

आमचं काम हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिथल्या खिडक्या उघडत नाहीत. ऑपरेशनची हत्यारं वरून रक्तानं माखून येतात, पलीकडच्या खोलीत धुतली जातात आणि आमच्याकडे येतात ती चकचकीत, कोमट. आम्ही ती तपासायची, मोजायची, ट्रेमध्ये लावायची, आत सहीची चिठ्ठी ठेवायची, कापडात बांधायची आणि वाफेच्या यंत्रात ढकलायची. जंतूंच्या शास्त्रात पदवी घेतली ती काय गाठोडी बांधायला, असं मी पहिल्या आठवड्यात आक्कांना म्हणाले होते. त्या म्हणाल्या होत्या, "मग सांग ना जंतूंना, बाई शिकलेल्या आहेत, जरा बाजूला व्हा." नियम एकच असा, की तो मोडला तर बाकीचं सगळं केलेलं पाण्यात गेलं: ज्या वस्तूला सांधा आहे ती उघडी ठेवायची. रक्तवाहिनी धरायचे चिमटे उघडून एका सळईत ओवायचे, म्हणजे ते मिटत नाहीत. मिटलेल्या चिमट्याच्या सांध्यात वाफ पोचेलच असं नाही. बाहेरून तो बाकीच्यांइतकाच तापतो, गाठोड्यावर चिकटवलेल्या तपासणीच्या पट्टीवरच्या रेघा काळ्या होतात, यंत्र हिरवा दिवा दाखवतं, आणि आत जे होतं ते तसंच राहिलेलं असू शकतं.

त्या बुधवारी मी बारा चिमटे मोजले. मोजताना मी ते मिटते, एकेक टक् करून, आवाजामुळे आकडा चुकत नाही. मग उघडून ओवते. ही माझी खोड आक्कांना कधीच पटली नव्हती. बारावा मिटला आणि काचेपलीकडे पहारेकरी कानाशी हात नेऊन फोनची खूण करत उभा राहिला. आत फोन नेता येत नाही. मी बाहेर गेले. सासूबाई सांगत होत्या की बाळीचं अंग जरा कोमट लागतंय, तसं काही नाही, पण तूच म्हणतेस ना सांगत जा. बाळी आठ महिन्यांची. मी विचारलं, ताप मोजलात का, काखेत की कपाळावर, दूध ओकली का, डोळे कसे दिसतात. "अगं, हसतेय ती," सासूबाई म्हणाल्या, "तूच जरा पाणी पी." मी परत आले तेव्हा छाती दुधानं ठणकत होती. मी ट्रे कापडात बांधला. सळई टेबलावरच राहिली. चिठ्ठीवर सही करायची राहिली. वर एका सुताराच्या पोटात त्यातले दोन चिमटे जाऊन आले, आणि तिसरा उचलताना सिस्टरच्या लक्षात आलं की हे सगळेच मिटलेले आलेत.

साहेब गेल्यावर मी टेबलाला वळसा घालून आक्कांजवळ गेले. त्या कात्र्या पुसत होत्या. "आक्का, असं का केलंत?" "काय केलं?" "तुम्हाला माहीत आहे ट्रे कुणाचा होता." "माहीत आहे म्हणून तर. तुझी नोकरी अजून कच्ची. सहा महिने झाले नाहीत, हाकलायला त्यांना कारणसुद्धा लागत नाही. मला आठ महिने उरलेत. मला काय करणारेत, फार तर खाली कपड्यांत पाठवतील. तिथं बसायला स्टूल तरी आहे." "पण मी तुम्हाला सांगितलं नव्हतं." "नाहीच सांगितलंस," आक्का म्हणाल्या, आणि कात्री उजेडाकडे धरून तिची पाती उघडून पाहिली. "सांगितलं असतंस तर केलं नसतं. चल, ट्रॉली ओढ." त्या देवाधर्माच्या बाई नव्हत्या. माझ्या गळ्यातला छोटा क्रूस पाहून त्यांनी एकदाच विचारलं होतं की मशीनच्या पट्ट्यात अडकणार नाही ना. आणि मी, जिच्या घरात कृपा हा शब्द मिठासारखा रोज वापरला गेला, ती ट्रॉली ओढत मनाशी म्हणत होते की हे मला नको, हे परत घ्या, मी याला पुरी पडणार नाही.

शुक्रवारी आक्कांना खाली कपड्यांच्या विभागात पाठवलं. मी त्यांच्यासाठी जे जे करता येईल ते करायला लागले. सकाळी फाटकाशी थांबून त्यांची पिशवी घेई, दुपारी जिना उतरून त्यांच्यासाठी चहा नेई, त्यांच्या गादीच्या खोळींचे गठ्ठे बांधून देई. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या हातातून पिशवी काढून घेतली. "तू माझी सून आहेस का?" "नाही." "मग सुनेसारखी तोंड पाडून मागेमागे काय फिरतेस? माझी खरी सून एवढं करत नाही, आणि तिचं बरोबर आहे." तिथल्या बायका हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता लक्षात आलं की पिशवी उचलायला मिळाली तो दिवस मला जरा हलका जातो, आणि नाही मिळाली तर दिवस सरता सरत नाही. म्हणजे पिशवी मी आक्कांसाठी उचलत नव्हतेच. हे असं स्वतःला पकडणं मला बाबांनी शिकवलंय. बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि महिन्यातून एका रविवारी आमच्या चर्चमध्ये मंडळीपुढे उपदेश करायचे. व्यासपीठावर उभं राहून, तळहात वर करून ते सांगायचे की तारण, पापातून सुटका, फुकट आहे, माणसाच्या कुठल्याही करणीनं ते मिळत नाही, मागायचासुद्धा अधिकार नसलेल्याला ते दिलेलं आहे. लोकांचे डोळे भरून यायचे. मग आम्ही घरी यायचो आणि बायबलमधलं वचन पाठ झाल्याशिवाय माझं ताट वाढलं जायचं नाही. एक शब्द मागेपुढे झाला तरी पुन्हा पहिल्यापासून. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ओठांनी मला पुढचा शब्द सांगायची, आणि मी तिच्याकडे बघायचं टाळायची, कारण तसं घेतलेलं जेवण मला गोड लागायचं नाही. बाबांनाही लागायचं नसावं. ते गेले त्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा आवाज अगदी बसला होता. एका दुपारी त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी हवंय. ते म्हणाले, "पुरेल ना गं?" "काय, बाबा?" "केलं ते सगळं. पुरेल ना?" तीस वर्षं जो माणूस लोकांना सांगत आला की काही करावंच लागत नाही, त्याला मी तेच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "पुरेल, बाबा. खूप केलंत तुम्ही." त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावरचा ताण गेला नाही, बेरीज बरोबर आली तरी रीत चुकली असं वहीत लिहायचे ना, तसा तो राहिला. मी त्यांना चुकीचं उत्तर दिलं. बरोबर उत्तर मला येत होतं, परीक्षेत लिहिण्यापुरतं.

सोमवारी आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले. येत्या रविवारी बाळीचा बाप्तिस्मा ठरला होता. खरं तर तीन महिन्यांपूर्वीच व्हायचा, मीच काही ना काही काढून पुढे ढकलत होते. कधी तिची सर्दी, कधी माझी कामाची पाळी. पाळकसाहेब माझ्याच वयाचे, स्कूटरवरून आलेले, हेल्मेट मांडीवर बाळ धरावं तसं धरून बसले होते. नवरा कामावर होता. सासूबाईंनी चहा ठेवला आणि बाळीला त्यांच्यासमोर सतरंजीवर सोडलं. ती सरपटत जाऊन त्यांच्या बुटाची नाडी ओढायला लागली. मी विचारलं, "हिनं काय केलंय म्हणून हिला मिळायचं?" "काही नाही," ते म्हणाले, "तेच तर त्यात सुंदर आहे. ती काही करूच शकत नाही." "आणि मोठ्यांनी?" "मोठ्यांनीही काही केलेलं नसतं. फक्त त्यांना ते पटत नाही." "पण विश्वास तर लागतो. मग तो ठेवणं हे करणंच झालं की." ते हसले. त्यांना प्रश्न आवडला होता, त्याचंच मला वाईट वाटलं. "कुणी काही देतंय आणि तुम्ही हात पुढे केलात, तर त्याला कमाई म्हणाल का?" "आणि हात उघडतच नसेल तर? समजा तो मिटलेलाच आहे आणि आतून उघडता येत नाही. तर तो उघडण्याचं काम कुणाचं?" पाळकसाहेबांनी हेल्मेट एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. "तोही देवच उघडतो, असं आपण मानतो." "आणि नाही उघडला तर?" सासूबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तिचं मनावर घेऊ नका हो. लग्नाच्या दिवशीसुद्धा हिनं विचारलं होतं, हो म्हटलं नाही तर काय होतं." त्यावर तिघं हसले, बाळीसकट. मी नाडी सोडवून घेतली. मला त्यांना आक्कांबद्दल सांगायचं होतं. सांगितलं असतं तर त्यांनी काय म्हटलं असतं ते मला शब्दन् शब्द माहीत होतं, आणि ते सगळं खरं असतं, आणि त्यानं माझं काहीही झालं नसतं.

सुताराला रोज पाहायला जात होते ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत तिसऱ्या मजल्यावर जायचं, पलंगाच्या पायथ्याशी लावलेला तापाचा कागद बघायचा, आणि कुणी विचारलं तर शेजारच्या पलंगाकडे बघायचं. त्याला रोज इंजेक्शनं चालू होती, जखम दिवसातून दोनदा बघत होते. कागदावरची रेघ सपाट चालली होती. मी ती माझ्या बाळाच्या वजनाच्या रेघेपेक्षा जास्त निरखून पाहिली. दुसऱ्या दिवशी ती थोडी वर गेली तेव्हा मी जिन्यात बसले, आणि प्रार्थना करायला गेले तर तोंडातून बोलीच निघाली: हा वाचला तर मी पुन्हा कधी फोन घेणार नाही, बाळीवर चिडणार नाही, रविवार चुकवणार नाही. बाबांनी ऐकलं असतं तर म्हणाले असते, बाजार मांडलायस. संध्याकाळी ताप उतरला. माझ्या बोलीमुळे नव्हे हे मला कळत होतं, आणि माझ्या बोलीमुळे नाही याचीच भीती वाटत होती. माझ्यामुळे येत नाही ते माझ्यामुळे थांबणारही नाही. पाचव्या दिवशी सुतारानं मला हाक मारली. "ओ बाई, रोज येता, बसत का नाही?" मी म्हणाले, घाई असते. "तो ग्लास द्या जरा." मी ग्लास दिला. तो पडल्या पडल्या खिडकीच्या चौकटीकडे बघत म्हणाला, "ही कुणी बसवली हो? गुण्याला नाही, कोपराच वाकडा. पडल्यापासून बघतोय, डोकं फिरतं नुसतं." गुरुवारी त्याला घरी सोडलं. त्याची मुलगी कपडे भरत होती. तो तिला म्हणाला, "ह्या बाई बघ. ओळख ना पाळख, रोज चौकशीला यायच्या. अशी माणसं असतात म्हणून चाललंय जग." मुलगी माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरले, पलंगाची कड पाठीला लागली, आणि तरी ती वाकलीच.

त्यानंतर मला न सांगणं शक्य नव्हतं. मी धीट झाले होते असं नाही. पोट बिघडलं की माणूस जसा उठतोच, तशी मी शुक्रवारी सकाळी साहेबांच्या दारात उभी होते. रविवारी बाप्तिस्म्याच्या वेळी, बाळीची आई म्हणून, मला सगळ्यांसमोर विचारणार होते की तू वाइटाचा त्याग करतेस का, आणि मला हो म्हणायचं होतं. साहेबांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, फक्त थकलेले होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आधी का नाही बोललात?" "तोंड उघडलं होतं," मी म्हणाले, आणि ते ऐकताना ते मलाच किती पोकळ वाटलं. "बरं. पेशंट ठणठणीत आहे, तुम्ही आपणहून आलात, लहान मूल आहे. तुम्हाला लेखी ताकीद मिळेल, बाकी काही नाही." त्यांनी पेन उचललं, आणि न लिहिता तसंच धरलं. "पण आता आक्कांचं काय करू?" "त्यांचं काय? त्यांची चूक नव्हतीच. त्यांना परत वर आणा." "चूक नव्हती ना. म्हणजे त्यांनी चौकशीत खोटं लिहून दिलं. ट्रे चुकणं वेगळं, हे वेगळं. हे वर कळवावं लागतं मला." मी म्हणाले, "नका कळवू." "तुम्ही लेखी दिलंत आत्ता." कागद खरंच माझ्या हस्ताक्षरात त्यांच्यासमोर पडला होता, खाली सही, तारीख, वेळसुद्धा. "म्हणजे मी सांगायलाच नको होतं?" साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "असं मला म्हणता येत नाही हो," ते म्हणाले. दुपारी आक्कांना बोलावणं आलं. सोमवारपासून यायचं नाही, एवढंच. त्यांचं पेन्शन वगैरे काही अडवलं नाही, पण सुट्टी लावून घरीच बसायचं, आठ महिने संपेपर्यंत. निरोप समारंभ नाही, चार माणसं नाहीत, टेबलाशी उभं राहून काढलेला फोटो नाही. पहारेकऱ्यानं मला सांगितलं की जाताना त्यांनी कपड्यांतल्या स्टुलाला नुसता हात लावला आणि निघून गेल्या.

शनिवारी दुपारी मी बाळीला घेऊन त्यांच्या घरी गेले. सासूबाई उद्यासाठी चर्च झाडायला गेल्या होत्या. तिसरा मजला, जिना चढताना बाळी माझ्या खांद्यावर कठड्याकडे झेपावत होती. दार आक्कांनीच उघडलं. साडीऐवजी गाऊन घातला होता, केस सोडलेले, आणि मला पहिल्यांदाच त्या म्हाताऱ्या दिसल्या. "ये," त्या म्हणाल्या. मी सगळं पाठ करून गेले होते, पहिल्यापासून, एक शब्द मागेपुढे न होता. त्यांनी अर्ध्यावर थांबवलं. "मला ठाऊक आहे तू काय सांगितलंस. साहेबांनी वाचून दाखवलं. अक्षर चांगलं आहे तुझं." "मला तुमच्यावर काही यावं असं वाटत नव्हतं." "मग तुला काय वाटत होतं?" मी बाळीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मी सांगते. तुला मोकळं व्हायचं होतं. झालीस का?" "नाही." "नाहीच होणार. अगं, घरून कुणी वाटीभर काही पाठवलं तर तू वाटी नुसती घासून परत करत नाहीस, चार पट भरून पाठवतेस. माणसाला वाटतं, दिलं तेच चुकलं." त्या रागावल्या होत्या, पण आवाज चढला नव्हता, टेबलाशी खोड सांगताना यायचा तोच होता. "एक गोष्ट दिली होती तुला. आयुष्यात मी कुणाला फार काही दिलेलं नाही, माझ्या पोरालासुद्धा मोजून मापून. ही अशी सुचली, दिली. मला बरं वाटत होतं गं. खाली त्या घामट कपड्यांत बसून बरं वाटत होतं. तुला घेता येत नाही. साधं घेता येत नाही तुला."

मी म्हणाले, "मी साहेबांकडे परत जाते. त्यांच्याही वर जाते. लिहून देते की मीच—" "काही करू नकोस." "पण मग मी काय करू?" "सांगितलं ना, काही नाही." हे मी जन्मापासून ऐकत आले होते, गाण्यांतून, व्यासपीठावरून, बाबांच्या वर केलेल्या तळहातांतून, आणि त्यात एवढी जरब असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. करण्यासारखं काही असतं, कितीही अवघड, तर मी केलं असतं. मी नुसती उभी राहिले. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, दोरीवर दोन वाळलेले टॉवेल. मी ते काढून घडी करावेत असं वाटलं आणि हात तिकडे गेलाही. "राहू दे ते," आक्का म्हणाल्या. बाळी माझ्या कडेवरून त्यांच्याकडे वाकली, परक्या माणसाकडे जशी ती कधीच जात नाही तशी गेली, आणि त्यांनी तिला घेतलं. "उद्या हिचा बाप्तिस्मा आहे," मी म्हणाले, "याल?" "बघू," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, रागातच, "डोळे बघ कसे झालेत तुझे. किती रात्री झोपली नाहीस? पड जा तिथं जराशी." "नको, मी बसते." "मी विचारलं नाही तुला."

मी पडले. उशीला त्यांच्या केसांच्या तेलाचा वास होता. पलीकडे आक्का बाळीला काहीबाही सांगत होत्या, ही खिडकी, ही चिमणी, हा मेला नळ गळतोय बघ, आणि बाळी त्यांच्या गाऊनची गुंडी तोंडात धरून चोखत असावी, कारण मधूनच त्या म्हणत, "खा, खा, बापाचंच आहे तुझ्या." मला उठायचं होतं. निदान त्यांचे दोन कप तरी विसळून ठेवायचे होते, नळाला चिंधी बांधायची होती, उद्या काय म्हणायचं ते ठरवायचं होतं. उठले असते तर त्यांनी काही म्हटलंही नसतं. त्यांनी आता माझ्याकडून अपेक्षाच सोडली होती. मी उठले नाही. पायांत जोर नव्हता म्हणून, की पहिल्यांदाच कुणाचं काही तसंच राहू दिलं म्हणून, ते त्या वेळी कळलं नाही. पाळकसाहेबांना विचारावं असंही वाटलं नाही. पंख्याची पाती सावकाश फिरत होती आणि आक्का बाळीला म्हणत होत्या, "हळू, तुझी आई झोपलीय," आणि मी जागी होते, डोळे मिटून, जागीच होते.